तीन दिवस एकच आकडा

बिअर आंबून पुरी झाली हे कसं ओळखायचं, ते मला पंधराव्या वर्षी येत होतं. वर्गातल्या बाकीच्या मुलींना भरतनाट्यम यायचं, कीबोर्ड यायचा. मला हे यायचं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही. झाकण जरा सैल असलं की हवा बाजूने निघून जाते आणि बुडबुड्यांची नळी गप्प बसते, आत मात्र काम चालूच असतं. फेस खाली बसला म्हणजे झालं, हेही खरं नाही. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायची काचेची नळी, आत सोडायचा, आकडा बघायचा, दुसऱ्या दिवशी परत बघायचा, तिसऱ्या दिवशी परत. तीन दिवस एकच आकडा आला आणि तो पुरेसा खाली आलेला असला, की आतली साखर संपली. मग बाटल्या भरायच्या. त्याआधी भरल्या तर उरलेलं काम बाटलीत चालू राहतं, आणि काच किती सोसणार? हे सगळं मला बाबांनी शिकवलं, आणि फार चांगलं शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं येणार नाही.

आम्ही तेव्हा आखातात, बौशर नावाच्या भागात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खाली एक किराणा, एक लाँड्री, एक केरळी हॉटेल. सकाळी जिन्यात त्यांच्या पराठ्यांचा आणि लाँड्रीच्या वाफेचा एकत्र वास यायचा. बाबा जवळच्या गाला नावाच्या औद्योगिक भागात एका ट्रेडिंग कंपनीत पंप आणि व्हॉल्व्ह विकायचे. आई घरीच. स्वयंपाकघराच्या मागे, तिकडच्या फ्लॅटना असते तशी, मेडरूम होती: एक खिडकी, एक बल्ब, एसी नाही. आमच्याकडे कसली आलीय मेड! म्हणून तिथे सुटकेसा, दिवाळीचे कंदील, मोठी पातेली आणि गव्हाचा डबा असायचा. मग बाबांनी ते सगळं पलंगाखाली ढकललं आणि तिथे आपला कारखाना काढला. झालं होतं असं की पूर्वी कंपनीच्या पत्रावर त्यांना दारूचा परवाना मिळायचा. नवा मॅनेजर आला, त्याने पत्रावर सही करायचं नाकारलं, आणि बाबांना तो चारचौघांत झालेला अपमान वाटला. चार दिवस ते जेवताना त्या माणसाला शिव्या देत होते. पाचव्या दिवशी ऑफिसच्या प्रिंटरवर इंटरनेटवरची पंधरा पानं छापून आणली आणि मला म्हणाले, "अनू, तुझं केमिस्ट्री कसं आहे?"

पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा निळा कॅन, त्याच्या तोंडाला बूच, बुचातून नळी, नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात. माल्टचा डबा मुंबईहून कुणाबरोबर तरी आला. हायड्रोमीटरही मुंबईहूनच, बाबांच्या मोज्यात गुंडाळून. गालाच्या एका लेथवाल्याने बाटल्यांना झाकणं दाबायचं यंत्र करून दिलं, पत्र्याचं, लांब दांड्याचं. ते कशासाठी हे त्याने विचारलं नाही. बाटल्या बिनदारूच्या माल्ट ड्रिंकच्या, हिरव्या. रिकाम्या झाल्या की आई गरम पाण्याने धुऊन ओट्यावर उलट्या ठेवायची. दोन दिवसांत ग्लासातली नळी बोलायला लागली, गुडूक, गुडूक, आणि घरभर पावाचा आंबूस वास सुटला. आई उदबत्ती लावायची. खालच्या मजल्यावर जुबेदाखाला राहायची, रत्नागिरीकडची, पाच वेळा नमाज पढणारी. तिच्यापर्यंत वास जाऊ नये म्हणून आईचा जीव टांगलेला असायचा. पकडलं गेलं तर बाबा तुरुंगात, व्हिसा रद्द, आणि मी दहावीच्या मधेच बॅगा भरून मुंबईला, हे आम्हाला तिघांनाही नीट माहीत होतं.

आकडा मीच का वाचायचे, तर बाबांना जवळचं दिसेनासं झालं होतं आणि चष्मा लावायला ते तयार नव्हते. शाळेतून आले की युनिफॉर्मवरच मी मेडरूममध्ये जायचे. लांब काचेच्या नळीत थोडी बिअर काढायची, हायड्रोमीटर सोडायचा, जरा गिरकी द्यायची म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि डोळा पातळीवर आणून रेघ वाचायची. आकडा एक हजार पंचेचाळीस असा असतो, त्यातला हजार सोडून द्यायचा. पहिल्या दिवशी पंचेचाळीस, मग तीस, मग बावीस, असं उतरत उतरत दहा-बारापर्यंत. कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला होता, त्यावर लिहायचं. संध्याकाळी बाबा बूट काढता काढता हाक मारायचे, "अनू, खलास?" मी म्हणायचे, "नाही बाबा, अजून उतरतंय." किंवा, "आज तिसरा दिवस. खलास!" मग ते टाळी वाजवून "यल्ला, बॉटलिंग!" म्हणायचे, यल्ला म्हणजे अरबीत चला, आणि आम्ही दोघं बसायचो. मी नळी धरायची, ते दांडा दाबायचे. त्या तासाभरात ते इतके छान असायचे की मला वाटायचं हेच खरे बाबा आणि बाकीचे दिवस काहीतरी चूक होतेय. आजही मी शिकवते त्या ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुली हायड्रोमीटर सोडतात तेव्हा मी त्यांना गिरकी द्यायला सांगते, आणि ते बाबांचंच वाक्य असतं, शब्दही तेच.

खलास हे आमच्या घरात दोन शब्द होते. एक गालाचा, ऑफिसातला, अरबी: संपलं, झालं, काम फत्ते. दुसरा बाबांच्या परळच्या चाळीतला. तो ते आईसाठी वापरायचे. "आज खलासच करतो तुला." पहिला शब्द ते मोठ्याने म्हणायचे आणि दुसरा हळू, त्यामुळे आवाज चढला की मला बरं वाटायचं आणि उतरला की मी आई कुठे आहे ते बघायला जायचे. मार कशावरूनही असायचा. आमटीत कोकम जास्त पडलं, आई फोनवर मामाशी पाच मिनिटं जास्त बोलली, काहीच नाही. पिऊन मारायचे असं नाही, न पिताही मारायचे, उलट पिऊन कधी कधी झोपून जायचे. थपडा, केस धरून ओढणं, एकदा इस्त्री पाठीला लावली, ती गरम नव्हती पण आईला ते माहीत नव्हतं. तिने जो आवाज काढला तो मी नंतर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मला क्वचितच मारायचे. मी आकडे वाचत होते ना.

एका खेपेला बाबांनी पुढच्या शुक्रवारी ऑफिसातल्या चौघांना जेवायला बोलावून ठेवलं होतं, घरच्या बिअरची बढाई मारून. बाटल्यांत भरल्यावर किमान आठवडाभर ती ठेवावी लागते, म्हणजे या गुरुवारी भरणं भाग होतं. आणि तो कॅन काही केल्या उतरेना. यीस्ट जुनं असेल, काय असेल, आकडा सावकाश सरकत होता, चोवीस, तेवीस, बावीस. सोमवारी बाबांनी दारातूनच विचारलं, "खलास?"

"नाही बाबा. रीडिंग स्टेबल नाहीये अजून."

"पण बबल्स तर बंद झालेत."

"बबल्सचं काही नसतं. तुम्हीच सांगितलं होतं."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, अगदी साधेपणाने, कुणालाही सुचेल असं, "एवढी घाई आहे तर त्या मॅनेजरला परत एकदा विचारून बघा ना परवान्याचं."

बाबांचा एकच बूट काढून झाला होता, दुसरा पायात तसाच ठेवून ते आत गेले. कॅन ढवळायचा लांब स्टीलचा डाव ओट्यावर धुऊन ठेवला होता. मी दारात होते, सगळं पाहिलं. पहिला फटका खांद्यावर, दुसरा अडवायला आलेल्या हातावर, आणि करंगळी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, कुकरची शिट्टी चालू असतानासुद्धा. आई खाली बसली. ते मारत राहिले, पाठीवर, डोक्यावर, आणि हळू आवाजात म्हणत राहिले, "माझी लायकी काढतेस? पोरीसमोर? खलास करीन, खलास." एका पायात बूट असल्यामुळे ते प्रत्येक फटक्याला थोडे लंगडत होते. मला ते हास्यास्पद वाटलं आणि त्याच क्षणी मला त्यांचा इतका राग आला की माझे दात वाजायला लागले. भीती नव्हती ती. भीती मला ओळखता येत होती.

मंगळवारी आकडा एकवीस आला. मी कागदावर बारा लिहिलं. आधीच्या दिवसांचे आकडेही खाली आणून जुळवून घेतले, त्याच पेनने. बुधवारी वीस आला, बारा लिहिलं. गुरुवारी एकोणीस आला, परत बारा. पानावर तीन बारा एकाखाली एक छान दिसत होते. बाबांनी छापून आणलेल्या कागदांत एका पानावर मोठ्या अक्षरांत इशारा होता, तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी वाचून दाखवला होता आणि वर म्हणाले होते, "बाटली नाही राहत मग ती, बाँब होतो. माणसाचा चेहरा जातो." मी ते पान परत एकदा वाचून काढलं, उभ्या उभ्या, दप्तर पाठीवर असताना. खोटं का लिहिलंस, आणखी मार टळावा म्हणून ना, असं मला पुढे एका समुपदेशक बाईने विचारलं होतं. मी तिच्याकडे सल्ला घ्यायला जायचे तेव्हाची गोष्ट. मी हो म्हटलं. ते खोटं होतं. मला बाटली फुटायला हवी होती. बाबा चारचौघांसमोर बाटली तोंडाजवळ धरून झाकण काढणार, दर वेळी तसंच काढायचे, आणि तेव्हा ती फुटायला हवी होती. मी पंधरा वर्षांची होते आणि हिशोब पक्का केला होता: त्या खोलीत बाबा आणि मी सोडून कुणी जायचं नाही, हा नियम बाबांचाच होता.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "अनू?"

"खलास," मी म्हटलं, आणि तो कोणता खलास ते फक्त मला माहीत होतं.

त्यांनी कागद लांब धरून बघितला, पाठीवर थाप मारली. आम्ही अठ्ठावीस बाटल्या भरल्या. प्रत्येकीत अर्धा चमचा साखर, फेसासाठी. आई करंगळीला आइस्क्रीमची काडी बांधून पोळ्या लाटत होती.

पुढचे आठ दिवस मी मेडरूममध्ये गेले नाही. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, आत त्या बंद खोलीत त्याहून जास्त. शाळेत बसल्या बसल्या मला बाटल्या दिसायच्या. कधी वाटायचं, जाऊन सगळी झाकणं उघडून टाकावीत. मग आईची करंगळी आठवायची, आणि मी वही काढून गणितं सोडवायला लागायचे. आता लिहिताना मला माझी दया येत नाही. त्या मुलीची थोडी भीती वाटते, इतकंच.

शुक्रवारी सकाळपासून आई पुलावाच्या मागे होती. तळलेला कांदा, दही लावलेलं मटण, सोलकढीसाठी नारळ. मी जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होते. खाली मशिदीत जुम्म्याची गडबड सुरू झाली होती, गाड्यांची दारं लागत होती. बाबा बाथरूममध्ये दाढी करत होते, मूड चांगला, काहीतरी गुणगुणत होते. तिथूनच त्यांनी ओरडून सांगितलं, "अगं, त्या बाटल्या जरा फ्रिजमध्ये लाव. गार व्हायला वेळ लागतो."

आईलाच सांगितलं. स्वतःचा नियम स्वतःच मोडला, दाढी करता करता, काही विशेष न वाटून.

आईने पदराला हात पुसले आणि मेडरूमकडे वळली. मी हाक मारली, "आई."

ती थांबली. "काय गं?"

सांगायला पुरेसा वेळ होता. बाथरूमचं दार उघडं होतं आणि नळ बंद होता. मी काहीही म्हटलं असतं तर बाबांना ऐकू गेलं असतं. आकडे खोटे होते हे कळलं असतं, आणि मग त्यांनी कुणाला मारलं असतं ते मला माहीत होतं. असं मी त्या दोन सेकंदांत ठरवलं की नंतर रचलं, आता सांगता येत नाही.

"काही नाही," मी म्हटलं.

ती आत गेली. काचेला काच लागल्याचा आवाज झाला, तिने दोन बाटल्या एकदम उचलल्या असाव्यात. मग पहिला स्फोट झाला, आणि त्याच्या मागोमाग बाकीचे, एकातून एक, मोजता येणार नाहीत असे. खिडकीची काच गेली, बल्ब गेला, दारातून फेस आणि हिरव्या काचा स्वयंपाकघरात आल्या. माझ्या गुडघ्यात एक तुकडा शिरला, तो व्रण अजून आहे. आईची किंकाळी आली नाही. ती भिंत धरून बाहेर आली, चेहऱ्याची डावी बाजू लाल, नुसती लाल, गालाचं कातडं एका बाजूने लोंबत होतं आणि डोळा होता तिथे काहीतरी चमकत होतं. ती म्हणाली, "अनू, तू लांब उभी राहा, पायात काचा जातील."

बाबा अर्ध्या तोंडाला साबण तसाच घेऊन आले. ते किंचाळले. मारणारा माणूस इतका घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. अँब्युलन्स बोलवा म्हटलं तर ते म्हणाले, "वास येतोय सगळीकडे, पोलीस येतील, थांब, थांब जरा," आणि फडक्याने फरशी पुसायला लागले. आई रक्ताने निथळत उभी आणि ते फरशी पुसतायत. मी त्यांना ढकलून जिना उतरले आणि जुबेदाखालाचं दार दोन्ही हातांनी वाजवलं.

ती वर आली, एका नजरेत सगळं समजली. नाकाला पदर लावला नाही, काही विचारलं नाही. "अगो बाय," एवढंच म्हणाली, आणि आईचे केस नळाखाली धरून तिने बिअर धुऊन काढली, जखमेला हात न लावता, पटापट. "ह्यो वास पयला काढूया. मंग दाक्तर." आईची साडी तिथेच उतरवली, खालून स्वतःचा धुतलेला गाऊन आणून तिला घातला, वरून आपला बुरख्यासारखा काळा अबाया. मग बाबांकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमी येव नका. तुमी काचा येचा. यल्ला." बाबांनी मान डोलावली, लहान पोरासारखी. गाडीत मागच्या सीटवर आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खाला गाडी चालवताना सारखी म्हणत होती, "रडू नको गो, मी हाय ना." मी रडत नव्हतेच. ती आईला म्हणत होती की मला, कोण जाणे.

हॉस्पिटलात मल्याळी सिस्टरने विचारलं काय झालं. आई शुद्धीवर होती. स्पष्ट म्हणाली, "सोड्याची बाटली. गर्मीने फुटली." सिस्टरने तिच्या करंगळीकडे पाहिलं, जुन्या निळ्या डागांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आईच्या गालावर एकतीस टाके पडले. डोळा राहिला नाही.

बाबांनी त्यानंतर बिअर केली नाही, आणि आईला मारलं नाही. मला मारलं, दोनदा. आईच्या बाबतीत हात वर जायचा, तिच्या चेहऱ्याकडे लक्ष जायचं आणि खाली यायचा. नातेवाइकांत याचं फार कौतुक झालं. "त्या अपघाताने माणूस सुधारला," असं मावशी म्हणायची, आणि आई हसून म्हणायची, "एक डोळा गेला, पण घर शांत झालं." मी त्या वेळी उठून पाणी प्यायला जायचे. वीस-बावीस वर्षं मी पाणी प्यायला जात होते. ते शांत घर माझ्या हातचं होतं आणि ज्याच्यासाठी मी त्या बाटल्या भरल्या होत्या त्याला साधा ओरखडा आला नव्हता. बाबा म्हातारे होऊन, पुण्यात, बिछान्यात गेले. शेवटी आईच त्यांना भरवत होती.

ते गेल्यावर वर्षभराने मी आईला सांगितलं. आम्ही गॅलरीत मटार सोलत होतो, सकाळचं ऊन होतं. सगळं सांगितलं: एकवीस, वीस, एकोणीस, आणि त्याऐवजी लिहिलेले बारा, मला कुणाचा चेहरा जायला हवा होता तेही. हाक मारून गप्प बसले तेही. माझा आवाज शाळेतल्या मुलीसारखा झाला होता, मराठी सुचेना, अर्धं इंग्रजीतच बोलले. मला वाटलं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल, किंवा निघ इथून म्हणेल. यांतलं काहीही मी घेतलं असतं.

तिने हातातली शेंग पुरी सोलली. मग मान पूर्ण वळवून, उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघत तिने विचारलं, "आठ दिवस होते ना गं तुझ्याकडे?"

"हो."

"मग मला सांगायचंस. मीही आत गेले नसते आणि त्यांनाही बाटली उघडताना थांबवलं नसतं."